काकूंच्या कॉम्प्युटरमधलं एकोणीसशे नव्वद

शुभदाकाकू मोडक यांच्या स्वयंपाकघरात सांडशीशेजारच्या खिळ्याला एक स्क्रू-ड्रायव्हर लटकलेला असे. तो त्या कुणाला देत नसत. दिनकरकाकांना पंख्याचा रेग्युलेटर घट्ट करायचा असला तरी त्यांनी स्वतःचा वेगळा आणायचा, असा त्या घरचा कायदा होता. काकूंचा स्क्रू-ड्रायव्हर फक्त कॉम्प्युटरसाठी.

मी पुण्याहून नोएडाला आले ती २००१च्या जूनमध्ये, एका सॉफ्टवेअर कंपनीत. सेक्टर सव्वीसमधल्या मोडकांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली काका-काकू. पहिल्याच आठवड्यात काकूंना कळलं की मी कॉम्प्युटरवाली आहे. त्यांनी मला चहाला बोलावलं आणि चहा हातात द्यायच्या आधी विचारलं, "तेजश्री, तुला डॉस येतं का?"

मी हसले. ऑफिसात आम्ही नव्या विंडोजची वाट बघत होतो आणि ही बाई मला विंडोजच्याही आधीच्या डॉसबद्दल विचारत होती. "काकू, ते आता कुणी वापरत नाही," मी म्हटलं. काकू म्हणाल्या, "मी वापरते ना," आणि मग चहा दिला.

काकू तेव्हा छप्पन्न वर्षांच्या. एका सरकारी खात्यात स्टेनोग्राफर होत्या, नुकतीच मुदतीआधी निवृत्ती घेतलेली. त्यांच्या ऑफिसात १९८८ साली पहिले कॉम्प्युटर आले. बाकीच्यांनी त्यांच्यावर कापडी झाकणं घातली आणि लांबून नमस्कार केला. काकूंनी संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं आणि पास्कल नावाची भाषा शिकून घेतली. पुढे ऑफिसने ती यंत्रं लिलावात काढली तेव्हा त्यातलं एक काकूंनी घरी आणलं. त्यात देवनागरीचं एक कार्ड होतं, वीतभर लांब, हिरवं. ते बसवलं की काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटत. त्यानंतर काकूंनी त्या यंत्राचा एकेक भाग बदलत नेला. कधी मेमरी, कधी मॉनिटर, कधी हार्ड डिस्क. बदलला नाही तो डॉस, ते कार्ड आणि काकूंनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम. त्याचं नाव 'साखळी'.

आता साखळी म्हणजे काय ते सांगते. दिल्लीत दिवाळी अंक सहज मिळत नाहीत. काकू दर वर्षी पुण्याहून पार्सलने मागवत, घरटी एक. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव मिळून मराठी सभासदांची बावन्न घरं होती. बावन्नावी मी. पहिला अंक दिवाळीच्या फराळाच्या कार्यक्रमात टेबलावरून उचलायचा. पंधरा दिवसांत वाचायचा आणि ठरलेल्या रविवारी, तक्त्यात लिहिलेल्या सभासदाच्या घरी जाऊन द्यायचा. असे आठ रविवार. नियम दोनच, पण कडक. अंक द्यायला सभासदाने स्वतः जायचं. ड्रायव्हर, मुलगा, कामवाली, कुणी चालणार नाही. आणि घेणाऱ्याने त्याला बसवून चहा पाजायचा.

तक्ता काढायचं काम साखळीचं. लोक त्या तक्त्यावर वैतागलेले असत. घरासमोर दुसरं मराठी घर असताना प्रोग्राम त्यांना यमुना ओलांडून रोहिणीला पाठवी. "मोडकबाईंच्या कॉम्प्युटरला दिल्लीचा नकाशा माहीत नाही," असं सगळे म्हणत. मलाही तेच वाटायचं. खरं म्हणजे प्रोग्राम नकाशा बघतच नव्हता. कोण कुणाला किती वेळा भेटलं, याचा हिशोब त्याच्यापाशी दहा वर्षांचा होता आणि ज्या दोघांच्या नावासमोर शून्य असेल त्यांना तो आधी गाठ घालून देई. शून्यं पुष्कळ असली की त्यातल्या त्यात चिठ्ठी टाकल्यासारखं निवडे. यंत्राने काढलंय म्हटल्यावर लोक कुरकुरत, पण जात.

असा प्रोग्राम काकूंनी का लिहिला, हे मला दिनकरकाकांनी बरंच पुढे सांगितलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं म्हातारीचा हट्ट वाटेल.

मोडक या घरात आले तेव्हा गल्लीत चार घरं बांधून झाली होती आणि बाकी प्लॉटवर गवत होतं. फोनसाठी नंबर लावलेला, पण मिळालेला नव्हता. १९९०च्या सप्टेंबरात काकूंच्या सासूबाई याच घरात गेल्या. त्या आठवड्यात आरक्षणाच्या आंदोलनाने दिल्लीचे रस्ते बंद होते, बसेस बंद होत्या. काकांची मोठी बहीण कुसुमावती, म्हणजे काकूंच्या वन्सं, तेव्हा पहाडगंजला राहत. तिथल्या मराठी शाळेत शिकवत. त्यांना निरोप द्यायचा होता. काका सायकलवर जाऊन टेलिफोन बूथवरून वन्संच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून आले, तो कुणी उचलला नाही. काकांना घर सोडून लांब जाता येईना. पाठवावं असं माणूस नव्हतं, कारण काकू त्या सेक्टरात एकालाही नावाने ओळखत नव्हत्या. शेवटी तार केली. संध्याकाळपर्यंत थांबले. मग गल्लीतल्या चार अनोळखी माणसांनी खांदा दिला.

तार दुसऱ्या दिवशी पोचली. वन्सं आल्या त्या तिसऱ्या दिवशी, अर्धी वाट चालत. आईचं तोंड दिसलं नाही ते नाहीच. सख्ख्या भावाला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आपल्याकडे असं बोलणं भावजयीसाठी राखून ठेवलेलं असतं. काकूंना म्हणाल्या, "निरोप द्यायला तुला एक माणूस मिळालं नाही?" आणि गेल्या. त्यानंतर अकरा वर्षं त्या या घराची पायरी चढल्या नव्हत्या. काकूही गेल्या नव्हत्या. दर भाऊबीजेला काका एकटे बहिणीकडे जात, ओवाळून घेत. जाताना काकूंच्या चकल्या नेत, येताना वन्संच्या करंज्या आणत. एकमेकींच्या फराळाला दोघी नावं ठेवत नसत, हे मला आशादायक वाटायचं.

वन्संच्या त्या वाक्यावर काकू वर्षभर विचार करत राहिल्या आणि त्यांनी साखळी लिहिली. पुढच्या दिवाळीला नऊ घरांपासून सुरुवात झाली. या नव्या सेक्टरांमध्ये कुणाकडे निरोप द्यायला माणूस नाही असं होऊ नये, एवढाच त्यामागचा विचार होता.

वन्सं १९९८ साली मुलाबरोबर, शार्दूलबरोबर, गुडगावला राहायला गेल्या. एका उंच इमारतीत, सातव्या मजल्यावर. त्याच वर्षी त्यांचा सभासदत्वाचा फॉर्म पोस्टाने आला. बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. काकूंनी त्यांना चव्वेचाळीस नंबर दिला. काकूंचा स्वतःचा एक. फराळाच्या दिवशी पहिला अंक शार्दूल येऊन न्यायचा. त्यानंतर वर्षाला आठ देणी, आठ घेणी, म्हणजे सोळा भेटी. तीन वर्षांत अठ्ठेचाळीस. वन्संच्या नावासमोर आता तीनच शून्यं उरली होती. एक मी, कारण मी नवी. एक वसंत कुंजमधले नरसिंह जोगळेकर. आणि एक काकू. म्हणजे २००१च्या दिवाळीत प्रोग्रामला चव्वेचाळीस आणि एक यांची गाठ घालणं भागच होतं. काकूंनी हे वहीत मांडून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांचा कॉम्प्युटर मेला.

नोएडात वीज जायची ती मुकाट्याने जायची, पण यायची ती दणका देऊन. त्या दिवशी पंखे एकदम जोरात फिरले, फ्रिज कण्हला आणि खालून जळका वास आला. मी गेले तेव्हा काकू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसल्या होत्या. डबा उघडा होता. "मदरबोर्ड गेला," त्या म्हणाल्या. "डिस्क वाचलीय. कार्ड वाचलंय."

"चला, बरं झालं," मी म्हटलं. "आता नवा घ्या आणि विंडोज टाका. तक्त्याचा प्रोग्राम मी लिहून देते, दोन दिवसांत."

काकू काही बोलल्या नाहीत. मी त्यांचं गप्प बसणं होकार म्हणून घेतलं. पुढच्या शनिवार-रविवारी ऑफिसच्या लॅपटॉपवर मी प्रोग्राम लिहिला. बावन्न पत्ते घातले, दिल्लीचा नकाशा समोर घेतला आणि प्रत्येकाला जवळातलं जवळ घर मिळेल असा तक्ता काढला. रंगीत छापला. इतका सुबक झाला होता की मी तो पुण्याला आईला पाठवणार होते.

काकूंनी चष्मा लावून तो बघितला. वन्संच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. चव्वेचाळीस देणार पंचेचाळिसाला. त्याच इमारतीत, दोन मजले खाली. दुसऱ्या रविवारी शेजारच्या इमारतीत. आठही रविवार वन्सं गुडगावाबाहेर पडत नव्हत्या.

"छान केलंयस," काकू म्हणाल्या. "पेट्रोल वाचेल सगळ्यांचं." मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "पण मला जुनाच चालू करून दे."

मला राग आला. सरळ सांगते, खूप राग आला. दोन सुट्ट्या घालवल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, त्यात काय सोनं लागलंय?" बाहेर व्हरांड्यात काका पेपर वाचत होते. त्यांच्यापाशी मी धुसफुसले, तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला आणि नव्वद सालची सगळी गोष्ट सांगितली. वहीतल्या तीन शून्यांचीही. "तिला वाटतं मला माहीत नाही," काका म्हणाले. "वही मी रोज बघतो."

मी परत आत गेले. जरा ओशाळलेच होते. म्हटलं, "काकू, माझ्या तक्त्यात मी हाताने वन्संचं नाव तुमच्यासमोर टाकते. एका मिनिटाचं काम आहे."

काकू एकदम ताठ झाल्या. "हाताने लिहायचं असतं तर पत्र नसतं का लिहिलं? मी बोलावलं असं झालं तर त्या येणार नाहीत. मी गेले तर दार उघडतील, चहा देतील आणि मनात म्हणतील, आता सुचलं हिला. मशीनने काढलं तर दोघींचाही मान राहतो. बिल्कुल हात लावायचा नाही."

"मग निदान जुनी नोंद नव्या प्रोग्राममध्ये घेऊ."

डिस्क ऑफिसातल्या मशीनला जोडून ती फाइल मी उघडून बघितली. पडद्यावर चौकोन, टिकल्या आणि हसरे चेहरे. काकूंनी ती आपल्या सोयीने लिहिलेली, आणि प्रोग्रामचा मूळ, वाचता येणारा मजकूर ज्या फ्लॉपीवर होता तिला दिल्लीच्या पावसाळ्यात बुरशी लागलेली. मी आणखी आठवडाभर बसले असते तर कदाचित उलगडलं असतं. पण फराळ अठरा नोव्हेंबरला होता आणि तक्ता त्याआधी हवा होता. म्हणून ठरलं की डॉस तेच, प्रोग्राम तोच, कार्ड तेच. बाकी सगळं नवं.

दहा नोव्हेंबरला, शनिवारी, आम्ही नेहरू प्लेसला गेलो. काकूंनी कार्ड जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून पर्समध्ये घेतलं होतं. अडचण अशी होती की त्या कार्डाला मदरबोर्डवर काळी, लांब खाच लागते. नव्या बोर्डांवर सगळ्या खाचा पांढऱ्या आणि आखूड. काळ्या लांब खाचा बनवणाऱ्यांनी कधीच बंद करत आणल्या होत्या. काकू एकेका दुकानात शिरत, कार्ड उघडून काउंटरवर ठेवत आणि साडीला ब्लाउजपीस जुळवून बघावा तसं प्रत्येक बोर्डाला लावून बघत.

"मॅडम, ये काला स्लॉट अब नहीं आता," पहिला दुकानदार म्हणाला. दुसरा म्हणाला, "आंटीजी, कार्ड ही बदल लो ना." तिसऱ्याने कार्ड हातात घेऊन आपल्या भागीदाराला दाखवलं आणि दोघं हसले. काकूंनी कार्ड काढून घेतलं, कापडात गुंडाळलं आणि त्याला शुद्ध हिंदीत सांगितलं, "आपके पास नहीं है, इसमें हँसने की क्या बात है?" मी मान खाली घालून उभी होते, कारण जूनमध्ये मीही अशीच हसले होते.

बाराव्या की तेराव्या दुकानात एका सरदारजींनी वरच्या फळीवरून धुळकट खोका काढला. त्या बोर्डवर पाच पांढऱ्या खाचा होत्या आणि अगदी कडेला एक काळी, लांब. एकच. काकूंनी कार्ड लावलं. खटकन बसलं. सरदारजी म्हणाले, "लास्ट पीस है जी. इसके बाद आप भी विंडोज पे आ जाना." काकू म्हणाल्या, "सोचेंगे." प्रोसेसरही तिथेच घेतला. जुन्याच्या कितीतरी पट वेगवान होता. त्याहून हळू त्यांच्याकडे नव्हताच.

घरी आल्यावर काकूंनी सगळं स्वतः जोडलं. मी फक्त टॉर्च धरला. कळ दाबली, पडदा काळा झाला, डॉसची ओळ आली. जुनं काय उरलं होतं, तर हिरवं कार्ड आणि हार्ड डिस्क. काकूंनी साखळीचं नाव टाइप करून एंटर मारलं.

प्रोग्राम सुरू होताहोताच आडवा झाला. पडद्यावर एक ओळ: चूक क्रमांक दोनशे.

पुन्हा केलं. पुन्हा दोनशे. काकूंनी कार्ड काढून पुसून बसवलं. डिस्कची तार बदलली. दोनशे. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. चेहरा उतरला होता. "डिस्क जळली असेल का गं आतून? अकरा वर्षं..." एवढंच बोलल्या. अकरा वर्षं कशाची, ते मला माहीत होतं. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमची ओळख तेवढी जुनी नव्हती.

रविवारी सकाळी मी ऑफिसात गेले आणि इंटरनेटवर ती चूक शोधली. कारण वाचून मला हसू आलं, मग वाईट वाटलं. त्या काळच्या पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्राम सुरू होताना आधी यंत्राचा वेग मोजतो. क्षणभरात किती आकडे मोजून होतात ते बघतो. जुन्या यंत्रावर उत्तर लहान यायचं. आता ते इतकं मोठं येत होतं की ते लिहायला ठेवलेल्या जागेत मावत नव्हतं. काहीही बिघडलेलं नव्हतं. यंत्र प्रोग्रामच्या मानाने फार भरधाव होतं.

"म्हणजे हळू करायचं?" काकूंनी विचारलं.

"हळू करायचं."

"माझ्या आधीच्याला बटण होतं त्याचं. याला नाही?"

याला नव्हतं. आता हळू जायचं बटण कोण ठेवणार? पण बोर्डच्या आत एक सेटिंग होतं. प्रोसेसर हाताशी ठेवतो ती जलद मेमरी बंद करायचं. ती बंद केली की नवाकोरा प्रोसेसर प्रत्येक गोष्टीसाठी दूरच्या कोठीपर्यंत हेलपाटे घालतो. मी ते केलं तेव्हा माझ्यातली इंजिनिअर अक्षरशः रडत होती. नेहरू प्लेसमधलं नवं यंत्र आम्ही दहा वर्षं मागे नेऊन बसवलं होतं.

"थांब," काकू म्हणाल्या. "तारीख घालते." आणि त्यांनी यंत्रात साल टाकलं १९९०.

मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की साखळीला सालाचे शेवटचे दोनच आकडे कळतात. दोन हजार सालापासून ती गडबडली. रविवार चुकायला लागले. मग काकूंनी जुनी कॅलेंडरं काढली. २००१ आणि १९९० यांचे वार तंतोतंत जुळतात. म्हणून या वर्षी यंत्रात १९९०, आदल्या दिवाळीत १९८९. "भेटी किती झाल्या तेवढंच तिला मोजायचंय. साल कुठलं का असेना," त्या म्हणाल्या.

एंटर मारलं. या वेळी दोनशे आलं नाही. काळ्या पडद्यावर, सावकाश, एकेक अक्षर करत उमटलं: साखळी. काका दारात येऊन उभे होते ते मला तेव्हा दिसले. तक्ता तयार व्हायला वीस मिनिटं लागली. मग प्रिंटर करकरायला लागला.

पहिला रविवार, दोन डिसेंबर. चव्वेचाळीस देणार जोगळेकरांना आणि घेणार माझ्याकडून. काकूंचं बोट त्या ओळीवरून पुढे गेलं नाही, कागद पुढे सरकायची वाट बघत राहिलं. दुसरा रविवार, सोळा डिसेंबर. चव्वेचाळीस देणार एकला.

काकूंनी कागद फाडला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट काढल्या. "आलं," एवढंच म्हणाल्या. काका म्हणाले, "काय आलं?" काकू म्हणाल्या, "तक्ता." काका "बरं" म्हणून गेले.

दोन डिसेंबरला मी गुडगावला अंक द्यायला गेले. वन्सं सडपातळ, पांढरी साडी, शाळेतल्या बाईंसारखा आवाज. त्यांनी चहा दिला, मी कुठे राहते ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "इथे मजल्यावर चार दारं आहेत. तीन वर्षं झाली, तिघांची नावं पाट्यांवर वाचलीत, तेवढीच." तक्ता त्यांच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. सोळा तारखेखाली पेन्सिलची रेघ होती.

तेरा डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला. दिल्लीत नाक्यानाक्यावर तपासणी सुरू झाली. गाड्या तासन्‌तास अडकत होत्या. रविवारी सकाळपासून काकूंचा फोन वाजत होता. या रविवारी जमणार नाही, पुढच्या रविवारी देतो. काकू प्रत्येकाला "अच्छा, ठीक आहे" म्हणत आणि फोन ठेवत. गुडगावहून फोन आला नाही. येतो म्हणून नाही, येत नाही म्हणूनही नाही. काकू स्वतः नोएडातलाच आपला अंक देऊन दहाच्या आत परत आल्या होत्या. पोहे भिजवून, निथळून, ते कोरडे पडायला लागल्यावर त्यांनी ते झाकून ठेवले.

एक वाजला, दोन वाजले. "रस्ते बंद असतील," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "तेव्हाही बंदच होते." त्या घरात इतकं कडू वाक्य मी तेवढं एकच ऐकलं.

अडीच वाजता मी वर कपडे वाळत घालत होते. फाटकापाशी एक पांढरी गाडी येऊन थांबली. दार उघडलं नाही. चांगली दहा-पंधरा मिनिटं ती तशीच उभी होती. मग ड्रायव्हर उतरला, हातात ब्राउन पेपरमध्ये गुंडाळलेला अंक. मी धावत खाली आले.

काकू दारात होत्या. ड्रायव्हरने अंक पुढे केला. काकूंनी हात मागे घेतला. "भैया, हमारे यहाँ नियम है. जिनका नाम है वो खुद आते हैं. वापस ले जाइए," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण पदराचं टोक मुठीत घट्ट होतं.

ड्रायव्हर गोंधळला. "माताजी गाड़ी में ही हैं," तो म्हणाला. "बोलीं, पहले जाके देख, दरवाज़ा खोलती हैं कि नहीं."

काकू तशाच अनवाणी फाटकापर्यंत गेल्या. मी आणि काका पायरीवर उभे राहिलो. काकूंनी गाडीचं दार उघडलं.

"किती घरं झाली गं," वन्सं आतूनच म्हणाल्या. "गल्ली ओळखेना. तीन ठिकाणी पोलिसांनी अडवलं. शार्दूल म्हणत होता, ड्रायव्हरबरोबर पाठवून दे. पाठवायला माणूस होता. तरी म्हटलं, आपण जावं."

काकू म्हणाल्या, "वन्सं, तेव्हा माझ्याकडे खरंच कुणी नव्हतं हो."

"ठाऊक आहे," वन्सं म्हणाल्या. "गुडगावला गेल्यावर कळलं." आणि त्यांनी उतरायला हात पुढे केला.

पोहे झाले, चहा झाला, दुसरा चहा झाला. आईंची खोली कुठली होती ते वन्संनी स्वतःच ओळखलं आणि तिथे थोडा वेळ एकट्या बसल्या. बाहेर आल्यावर डोळे पुसून म्हणाल्या, "कुठाय तो तुझा कॉम्प्युटर, मला इतक्या उशिरा पाठवणारा?"

काकूंनी त्यांना शेजारी खुर्चीवर बसवलं. भेट झाली की नोंद करायची असते. काकूंनी चव्वेचाळीस टाइप केलं, एक टाइप केलं. यंत्र सावकाश विचार करत राहिलं. दोघी पडद्याकडे बघत होत्या. मग शून्याच्या जागी एक आला आणि पुढे प्रोग्रामने आपली तारीख लिहिली: १६-१२-९०.

मी चटकन पुढे झाले. "काकू, ही मी फाइलमध्ये दुरुस्त करून देते हं. साल चुकीचं पडलंय."

काकूंनी वन्संकडे बघितलं. वन्संनी चष्मा वर करून ती तारीख पुन्हा एकदा वाचली.

"असू दे," वन्सं म्हणाल्या. "मी तेव्हाच यायला हवं होतं."